सरकारकडे अडकलेला पैसा मागायचा कोणाकडे?

सोलापूर जिल्ह्यातून एकाच वर्षीच्या ३० जूनला निवृत्त झालेले पाच कर्मचारी घेऊ. महसूल खात्यातील मंडळ अधिकारी, जिल्हा परिषदेचा ग्रामसेवक, अनुदानित माध्यमिक शाळेतील लिपिक, महापालिकेचा सफाई कामगार आणि मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील कर्मचारी. पाचही जणांचे म्हणणे एकच आहे. वर्षभर काम केले, त्या वर्षाची वेतनवाढ १ जुलैला लागायची होती, पण आदल्या दिवशी सेवा संपली म्हणून ती नाकारली गेली आणि तिच्यावाचूनच निवृत्तिवेतन बसले. या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात ११ एप्रिल २०२३ रोजी कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिलेले आहे. म्हणजे हक्क ठरलेला आहे. उरला आहे तो हिशोब.

तरीही कार्यालयाने दाद दिली नाही, तर या पाच जणांना एका दारात जाता येत नाही. मंडळ अधिकारी राज्य शासनाचा कर्मचारी, म्हणून त्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जायचे. आणि सोलापूर जिल्हा मॅटच्या मुंबईतील मुख्य खंडपीठाखाली येतो. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत नाहीत, म्हणून ग्रामसेवकाने उच्च न्यायालयात रिट याचिका करायची. ती पूर्वी मुंबईत करावी लागे; १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सोलापूर त्याला जोडले गेले. शाळेतील लिपिकाचे दुखणे आणखी वेगळे आहे. त्याच्यासाठी शाळा न्यायाधिकरण नावाची स्वतंत्र यंत्रणा सोलापुरातच आहे, पण खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या अधिनियमातील कलम ९ बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि पदोन्नतीत डावलले जाणे एवढ्याच गोष्टींवर अपील देते. पगार, फरक, वेतननिश्चिती यांना तिथे जागा नाही, म्हणून घराजवळचे न्यायाधिकरण ओलांडून त्यालाही उच्च न्यायालय गाठावे लागते. सफाई कामगार कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असल्याने त्याचा प्रश्न सोलापुरातच असलेल्या कामगार न्यायव्यवस्थेकडे जाऊ शकतो. रेल्वेच्या कर्मचाऱ्याने केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ गाठायचे.

एकच प्रश्न, एकच रक्कम, एकच गाव, आणि इतक्या वाटा. सोलापूरहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचे, सकाळी उतरून वकिलांचे कार्यालय गाठायचे आणि तारीख पुढे गेली की पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचे, हा प्रवास पासष्टी ओलांडलेल्या माणसाने दरमहा काही हजारांच्या फरकासाठी किती वेळा करायचा? सुनावणी दूरदृश्य प्रणालीने होऊ शकते हे मान्य आहे. पण अर्ज, शपथपत्र, प्रतिउत्तर, वकीलपत्र, वकिलांची फी आणि त्यांच्याशी समोरासमोर होणारे बोलणे यांचे अंतर पडद्यामुळे फारसे कमी होत नाही.

अंतरापेक्षाही मला मुदतीचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो, कारण तो दिसत नाही आणि कळतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मॅट ज्याखाली चालते त्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे आधी खात्यातील उपाय संपवावे लागतात. निवेदन दिले आणि सहा महिने निर्णय झाला नाही, तर तो उपाय संपला असे धरले जाते. त्यानंतर कलम २१ प्रमाणे एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सर्वसाधारण दिवाणी दाव्याला तीन वर्षे मिळतात. रिट याचिकेला ठरीव मुदत नाही, पण अकारण उशीर केला तर न्यायालय दार लावून घेऊ शकते. म्हणजे मंडळ अधिकाऱ्याचा अर्ज ज्या दिवशी मुदतबाह्य ठरेल, त्या दिवशी ग्रामसेवकाची तशीच याचिका कदाचित दाखल करून घेतली जाईल. दोघांच्या हक्कात काडीचाही फरक नाही.

आम्हा सरकारी कर्मचाऱ्यांचा घात होतो तो स्मरणपत्रांमुळे. पहिले निवेदन, मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र, मग नवे साहेब आल्यावर पुन्हा पहिल्यापासून निवेदन. प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवलेली असते आणि माणसाची खात्री असते की आपण पाठपुरावा सोडलेला नाही. कायदा मात्र याकडे तसे पाहत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी स्पष्ट केले की कायद्यात नसलेली निवेदने पुन्हा पुन्हा देत राहिल्याने मुदत वाढत नाही. निवृत्तिवेतन कमी बसले असेल तर थोडा आधार आहे, कारण ती चूक दर महिन्याला नव्याने घडते असे मानतात. पण तरसेम सिंग यांच्या २००८ मधील प्रकरणानंतर मागील थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ते सैन्यातले गृहस्थ १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. मधल्या वर्षांचा बराचसा पैसा त्यांच्या हातून गेला.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तके लिहिणे, वेतननिश्चितीचे तक्ते करणे, निवृत्तिवेतनाची प्रकरणे महालेखापाल कार्यालयाकडे पाठवणे हेच काम. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन घरी येऊ लागले. त्या कागदांतून जी गोष्ट मला हळूहळू दिसू लागली, तीच या लेखात मांडायची आहे: कोणते न्यायाधिकरण, या प्रश्नाआधी दावा कोणत्या जातीचा आहे हे पाहिले पाहिजे. दोन फाइली शेजारी ठेवून हे नीट सांगता येईल.

पहिली फाइल एका शिपायाची होती. सेवापुस्तकात २००६ च्या वेतननिश्चितीच्या पानावर वेतन पडताळणी पथकाचा आक्षेप नोंदलेला, त्याखाली कार्यालयाचा खुलासा, मग सुधारित वेतननिश्चिती, आणि शेवटी उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) अतिप्रदानाची, म्हणजे जास्त दिल्या गेलेल्या पगाराची, वसुली करण्याचे पत्र. चूक कार्यालयाने केलेली. शिपायाने कोणतीही खोटी माहिती दिलेली नव्हती. रफीक मसीह प्रकरणाचा डिसेंबर २०१४ मधील निकाल अशा माणसाच्या बाजूने आहे: गट क आणि गट ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले अतिप्रदान यांत वसुली करू नये असे त्यात म्हटले आहे. परंतु त्याच फाइलमध्ये, चार पाने मागे, शिपायाच्या सहीचे हमीपत्र होते, की जास्तीची रक्कम दिली गेल्यास ती परत करीन. जगदेव सिंग यांच्या २०१६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीपत्र देणाऱ्याकडून वसुली योग्य ठरवली आहे. ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते. साहेबांनी पुढे केलेल्या छापील नमुन्यावर सही करणाऱ्या शिपायाला तोच नियम लावायचा का? मला विचाराल तर लावू नये. पण हा प्रश्न खरा आहे, त्याला दोन बाजू आहेत, आणि तो कायदा जाणणाऱ्या, सेवानियम पचवलेल्या न्यायाधिकरणापुढेच जायला हवा.

दुसरी फाइल एका विधवा बाईंची. पती सेवेत असताना वारले. कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उपदान मंजूर झाले, पण प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले आणि उपदानाची रक्कम फार उशिरा हातात आली. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १२९-अ प्रमाणे प्रशासकीय दिरंगाईमुळे तीन महिन्यांहून अधिक उशीर झाला तर उपदानावर व्याज देय होते, आणि निवृत्तिवेतनासाठी १२९-ब हा नियम आहे. तारखा कागदावर आहेत, दिरंगाई कोणत्या टेबलावर झाली तेही आवक-जावक नोंदींवरून दिसते. वाद म्हणावा असा काहीच नाही. मी त्यांना मॅटविषयी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मुद्दल मिळालं दादा, आता व्याजापायी मुंबईला कोण जाणार?” त्या गेल्या नाहीत. कायद्याने त्यांचे असलेले पैसे सरकारजमा राहिले, आणि उशीर करणाऱ्या कार्यालयाला त्याची झळ लागली नाही.

पहिल्या फाइलला न्यायाधीश लागतो. दुसरीला नियम, दिनदर्शिका आणि आदेश देण्याचा अधिकार असलेला एक माणूस पुरतो, आणि तो सोलापुरात बसलेला असला पाहिजे.

कामगार कायद्यांत हा भेद पन्नासच्या दशकापासून रुळलेला आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क(२) खाली कामगार न्यायालय मालकाकडून येणे असलेल्या रकमेचा हिशोब करून देत असे, मात्र हक्क आधीच अस्तित्वात असला पाहिजे, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मधील राजगोपालन प्रकरणापासून घातलेली होती. गणेश रझाक यांच्या १९९५ मधील प्रकरणात दिल्ली महापालिकेचे रोजंदारी कामगार ‘समान कामाला समान वेतन’ या तत्त्वावर फरक मागत होते. न्यायालयाने सांगितले की आधी हक्क ठरवून घ्या, मग हिशोबासाठी या. कामगारांच्या दृष्टीने तो निकाल कठोर होता, पण दोन कामांमधील सीमा त्याने स्वच्छ आखून दिली. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमानेही अशीच घडी बसवली होती: तीस दिवसांत रक्कम द्या, उशीर झाला तर व्याज द्या, वाद असेल तर जिल्ह्यातील नियंत्रक प्राधिकारी ठरवील आणि तरीही दिली नाही तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतील. दिल्ली महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना या अधिनियमाचा लाभ सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केला. राज्य शासनाच्या पदावर स्वतःच्या नियमांखाली असलेला कर्मचारी मात्र त्यातून वगळलेला होता. त्यामुळे महापालिकेच्या झाडूवाल्याला उपदानासाठी जो सोपा मार्ग जवळ होता, तो जिल्हाधिकारी कार्यालयातील शिपायाला नव्हता.

या मागण्या मेहेरबानीच्या नाहीत, हे पुन्हा सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. बिहारमधील अब्दुल मजीद या पोलीस उपनिरीक्षकाच्या थकीत पगाराच्या दाव्यात राज्याने इंग्लंडमधील जुने तत्त्व पुढे केले होते, की सेवक राजाच्या मर्जीवर असतो आणि पगारासाठी त्याला दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते तत्त्व भारतात लागू होत नाही असे ठरवले आणि पगार हे वसूल करता येणारे येणे आहे हे मान्य केले. निवृत्तिवेतन ही मालमत्ता आहे, हे देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात १९७१ मध्ये ठरले. तेव्हा दिवाणी न्यायालय हाच नेहमीचा रस्ता होता: दोन महिन्यांची नोटीस द्यायची, रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरायचे आणि अपिलांमागून अपिले सोसायची. तो रस्ता लांबचा होता म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्रशासकीय न्यायाधिकरणांची तरतूद करणारा अनुच्छेद ३२३-अ आणला, १९८५ मध्ये अधिनियम झाला आणि ८ जुलै १९९१ रोजी मॅट स्थापन झाले. अधिनियमातील ‘सेवाविषयक बाबी’ या व्याख्येत वेतन, भत्ते, निवृत्तिवेतन आणि इतर निवृत्तिलाभ स्पष्टपणे आहेत. हेतू चांगला होता, आणि मॅटने अनेकांना न्याय दिलेलाही आहे. पण कलम २८ ने दिवाणी न्यायालयांचे अधिकार काढून घेतले तेव्हा सोलापूरच्या माणसाच्या हातून आपल्या गावातले न्यायालय गेले आणि मुंबई, नागपूर व संभाजीनगर ही तीनच ठिकाणे महाराष्ट्रभरच्या कर्मचाऱ्यांसाठी उरली.

१९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर न्यायाधिकरणाचा निर्णय उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तपासला जातो. त्यावरून काही जण विचारतात की मग मधली पायरी कशाला? ओडिशाने २०१९ मध्ये आपले प्रशासकीय न्यायाधिकरण बंद केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते योग्य ठरवले. महाराष्ट्राने तसे करू नये असे माझे मत आहे. उच्च न्यायालयात सेवाविषयक याचिका इतर शेकडो विषयांच्या रांगेत उभी राहते, आणि पैशांच्या मागणीवरील आदेश बऱ्याचदा “याचिकाकर्त्याच्या निवेदनावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्यावा” एवढाच निघतो. ते निवेदन मग त्याच टेबलावर परत येते जिथून माणूस उठून न्यायालयात गेला होता. सेवापुस्तकातील नोंदी, वेतनश्रेणीचे तक्ते, आश्वासित प्रगती योजनेच्या अटी यांची सवय असलेले न्यायाधिकरण हवेच. फक्त त्याची कक्षा वाढली पाहिजे आणि त्याचे बसण्याचे ठिकाण जवळ आले पाहिजे.

मॅटची कक्षा वाढवायला नवा कायदा लागत नाही. अधिनियमाचे कलम १५(२) राज्य शासनाला अधिसूचना काढून स्थानिक प्राधिकरणांचे कर्मचारीही राज्य न्यायाधिकरणाखाली आणण्याची मुभा देते. ती मुभा वापरली तर जिल्हा परिषदेचा ग्रामसेवक, आरोग्यसेविका आणि प्राथमिक शिक्षक यांना मंडळ अधिकाऱ्याच्याच दारात जाता येईल. अनुदानित शाळांसाठी मात्र कायदा दुरुस्त करून १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये वेतन व निवृत्तिलाभांच्या दाव्यांची भर घालावी. शाळेचा पगार काढणारे वेतन पथक सोलापुरात, शिक्षणाधिकारी सोलापुरात, शाळा न्यायाधिकरण सोलापुरात, आणि पगाराचा वाद तेवढा कोल्हापुरात, याला कोणतेही समर्थन मला सापडत नाही. मॅटने महिन्यातून काही दिवस सोलापूर किंवा पुण्यात बसावे, हीही अधिसूचनेने होण्यासारखी गोष्ट आहे. उच्च न्यायालय कोल्हापुरात येऊ शकते, तर मॅटला सोलापूर दूर नसावे.

याखेरीज हवा आहे तो ठरलेल्या हक्काच्या हिशोबासाठी जिल्हा पातळीवरचा प्राधिकारी. यावर आक्षेप येईल की असा माणूस खात्याचाच असला तर तो खात्याचीच बाजू घेईल. आक्षेप रास्त आहे. पेन्शन अदालतीत हेच दिसते: ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे तेच मंचावर बसतात, आणि आश्वासनापलीकडे पदरात फारसे पडत नाही. लोकायुक्तांकडे जाता येते, कारण १९७१ च्या महाराष्ट्र लोकायुक्त अधिनियमात सेवाविषयक तक्रारी वगळल्या असल्या तरी निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधीचे दावे वगळलेले नाहीत, आणि ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. पण लोकायुक्त शिफारस करू शकतात, वसुली करून देऊ शकत नाहीत. म्हणून हा प्राधिकारी जिल्हा न्यायव्यवस्थेतील न्यायिक अधिकारीच असावा. त्याने फक्त एवढेच पाहावे, की हक्क नियमाने, मंजुरी आदेशाने किंवा अंतिम निकालाने ठरलेला आहे का, आणि असल्यास रक्कम व व्याज किती. हक्कावरच खरा वाद असेल तर प्रकरण मॅटकडे पाठवावे, आणि मूळ अर्जाची तारीख मुदतीसाठी धरली जावी, म्हणजे चुकीच्या दारात गेल्याची शिक्षा कर्मचाऱ्याला होणार नाही.

अंमलबजावणीचा मुद्दा इथे कळीचा आहे. मॅटचा आदेश पाळला गेला नाही तर आज पुन्हा अवमान अर्ज करावा लागतो, म्हणजे दुसरी फेरी, दुसरी फी. सरकारकडूनच वसुली करायची तर जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःच्या कार्यालयावर जप्ती आणणे व्यवहारात घडणार नाही. त्यापेक्षा प्राधिकाऱ्याचा आदेश जिल्हा कोषागाराला थेट बंधनकारक करावा: कार्यालयाची देयके काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवसांत देयक सादर केले नाही, तर कोषागाराने आदेशावरच रक्कम खात्यात जमा करावी आणि व्याजाचा भार ज्याच्या टेबलावर प्रकरण पडून राहिले त्याच्यावर टाकता येतो का हे खात्याने नंतर तपासावे.

यांपैकी काहीही होण्याची वाट पाहत कोणी हक्काचा दावा गमावू नये. राज्य शासनाच्या ज्या कर्मचाऱ्याचे येणे आज अडलेले आहे, त्याने पहिल्या निवेदनाची पोच काढून तिच्यावरची तारीख पाहावी, तिच्यात सहा महिने मिळवावेत, त्यापुढे एक वर्ष मोजावे आणि तो दिवस उजाडण्याच्या पुष्कळ आधी मॅटमध्ये अर्ज दाखल करावा. तो दिवस टळला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा आणि उशिराचे कारण कागदपत्रांनिशी लिहावे. आणखी एक स्मरणपत्र मात्र लिहीत बसू नये.